शंकेखोराचा हात

मास्तर माणसाकडे पाठ करून बोलत.

कदीम जालन्यात भांड्यांच्या दुकानांच्या ओळीत एका ओट्यावर त्यांची बैठक होती. तांब्या-पितळेच्या भांड्यांवर नावं घालायचा त्यांचा धंदा. गिऱ्हाईक ओट्यापाशी आलं की ते तोंड भिंतीकडे फिरवत. भिंतीवर पारा उडालेला एक आरसा टांगलेला होता. त्यातून ते गिऱ्हाईक बघत आणि त्यातूनच बोलत. मला हे माहीत नव्हतं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं, हा माझा अपमान आहे. मी धावड्याचा, आमच्या घरी चार बैलांची शेती, मी कशाला ऐकून घेतो. मग मीही त्यांच्याकडे पाठ केली. पाठीला पाठ लावून आम्ही सगळा व्यवहार केला आणि समोरच्या दुकानातला तांबट ठोकणी खाली ठेवून बघत बसला.

"कोनाचं नाव घालायचं?" मास्तरांनी भिंतीला विचारलं.

"आमच्या बापाचं," मी रस्त्याला सांगितलं.

"कशापायी?"

"आतेबहिणीचं लगन हाय. आहेर."

"लगन पोरीचं, आन नाव तुझ्या बापाचं?"

"पद्धत हाय."

"बराबर हाय," ते म्हणाले. "पोरगी पानी पिईल तवा तुझा बाप आठवला पाह्यजे."

यात त्यांनी मला शहाणा म्हटलं की मूर्ख, हे मला त्या दिवशी कळलं नाही. तांब्या मिळाला तेव्हा बापाच्या नावाखाली एक टिंब होतं. ते टिंब मास्तर प्रत्येक भांड्यावर घालत. मी पुढे विचारलं तेव्हा म्हणाले, कोरणी उचलताना पडतं. तांबटाला त्यांनी सांगितलं होतं की खोटं भांडं ओळखायची ती खूण आहे. आणि त्यांच्या बायकोला, म्हणजे मी जिला मावशी म्हणत असे तिला, सांगितलं होतं की तो देव आहे. मावशी म्हणायची, "तिघांना तीन सांगितलं म्हंजे त्यांना बी म्हाईत न्हाई."

मास्तर ख्रिस्ती होते. त्यांचे वडील तरुणपणी मिशनात गेले, पण कोरणी मात्र जुनीच, आज्याच्या हातातली. दिवसभर ओट्यावर भांडी कोरायची ती पोटासाठी. घरी आल्यावर लाकडाचे ठसे कोरायचे ते प्रभूसाठी. दहा आज्ञा आणि पाप याखेरीज मला त्या धर्मातलं काही ठाऊक नव्हतं. मी मिशनच्या लहानशा छापखान्यात जुळारी म्हणून लागलो होतो. शिशाचे खिळे उचलून ओळी जुळवायच्या. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, छापल्यावर सुलटं होतं, हे कळायला मला फार दिवस लागले. पहिल्या आठवड्यात मी सगळे खिळे हौसेनं सुलटे दिसतील असे लावले आणि छापलेला कागद उन्हात धरून मागून वाचला. एकदा कळल्यावर मात्र मी त्या ज्ञानानं इतका फुगलो की दुकानांच्या पाट्या उलट्या वाचत हिंडायला लागलो. ही फुशारकी पुढे नडली.

छापखान्याच्या पुस्तकांत लहान लहान चित्रं लागत. कंदील, मेंढरू, कणीस, काट्यांचा मुकुट. ती मास्तर करत, आणि ठसा आणायला मला त्यांच्या घरी पाठवत. असा मी त्यांच्यात ओढला गेलो.

त्यांचं काम बघण्यासारखं होतं. लाकडाचा आडवा काप घेऊन ते तो काचेसारखा घोटत. वाळू भरलेल्या चामड्याच्या उशीवर तो ठेवत. शेजारी चिमणी, आणि चिमणीपुढे पाण्यानं भरलेला काचेचा गोळा. त्या गोळ्यातून उजेडाचा एक थेंब ठशावर पडे, नखाएवढा. मास्तरांना दिसायचं ते तेवढंच. उरलेलं चित्र अंधारात. उजव्या हातातली कोरणी ते जागची हलवत नसत. डाव्या हातानं ठसाच उशीवर फिरवत, आणि लाकडातून केसासारखी गोल रेघ निघून येई.

"वाकडी रेघ पाह्यजे असली तर कोरणी वाकडी करू न्हाई," ते म्हणत. "जग फिरवायचं."

रेघ चालू असताना ते श्वास धरत. रेघ संपली की सोडत. मी एकदा विचारलं, की मास्तर, तुमच्यात काम सुरू करताना प्रार्थना म्हणतात म्हणे, तुम्ही तर काहीच म्हणत नाही.

"आत्ता सोडला न्हाई का श्वास?"

"सोडला की."

"तीच. शब्दानं हात हालतो."

आणि त्यांचं ते मुख्य वाक्य, जे मी तीनचार वर्षं डोक्यात घेऊन हिंडलो. शाई लागते ती ठशाच्या वर राहिलेल्या लाकडाला. कोरलेल्या रेघेत ती उतरत नाही. म्हणजे जे कोरलं ते कागदावर पांढरं येतं, आणि जे सोडलं ते काळं. "समदं चित्र पयल्यापासून काळंच असतं," मास्तर म्हणत. "आपन त्यात काही घालत न्हाई. आपन काढतो. काढलं तेवढा उजेड." मग माझ्याकडे, म्हणजे ओट्यावरून रोज घरी आणत त्या आरशात, बघून म्हणाले, "तुझ्या तोंडावर बी नको तेवढं काळं हाय."

आता ते माझ्या चेहऱ्यावरच्या गोंधळाबद्दल बोलत असावेत. मी खोलीवर गेलो, आरशात पाहिलं, आणि मिशी काढून टाकली. खरोखर उजेड पडला. त्याच उजेडात मी पोळ्याला धावड्याला गेलो. वेशीतच एका म्हातारीनं माझं सफाचट तोंड पाहून ऊर बडवायला सुरुवात केली. तिच्यामागून आणखी बायका. आमच्यात बाप गेल्याशिवाय कोणी मिशी काढत नाही, हे मला घरापाशी पोचेपर्यंत आठवलं नाही. मागे रडणारी मिरवणूक घेऊन मी अंगणात शिरलो तर बाप बैलांची शिंगं रंगवत बसलेला.

"कोन गेलं रं?" त्यानं विचारलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. हातातला रंगाचा बोळा हळूच खाली ठेवला.

"मी व्हय?"

मास्तरांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त एवढं विचारलं, की बैलांची शिंगं कोणत्या रंगानं रंगवली होती.

तर त्या वर्षी मिशननं गीतांचं नवं पुस्तक काढायचं ठरवलं. पहिल्या पानावर चित्र असे, ते कायम विलायतेहून आलेल्या ठशावरचं. त्यात गोरा प्रभू, गोरी पोरं, आणि मेंढरंही इतकी धुतलेली की आपल्याकडे तशी कोणी पाहिली नसतील. मास्तरांची आई मरायच्या आधी ते पुस्तक मांडीवर घेऊन बसायची. तिला वाचता येत नव्हतं. तिनं एकदा विचारलं होतं, "ह्यात आपल्याकडचं कोनीच न्हाई का रं?" मास्तरांनी हे मला पाठमोरं सांगितलं, पण आरशात मी त्यांचा चेहरा पाहिला होता. त्यांनी मिशनच्या साहेबांना गाठलं आणि म्हणाले, नवं चित्र मी कोरतो, त्यात एक माणूस इथला घालतो. साहेब म्हणाले, करा. सणाच्या रविवारी पुस्तक मंडळीच्या, म्हणजे देवळात जमणाऱ्या लोकांच्या, हातात द्यायचं आहे. तोवर ठसा आला आणि मंडळीच्या वडीलधाऱ्यांना पटला तर तो, नाहीतर जुनाच.

मास्तरांनी निवडली ती त्यांच्या शास्त्रातली शंकेखोर शिष्याची गोष्ट. प्रभू मरून उठल्यावर सगळ्यांनी मानलं, पण एकजण म्हणाला, जखमेत हात घालून बघितल्याशिवाय मी मानायचा नाही. प्रभू त्याच्यापुढे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, घे, घाल हात.

"त्या शिष्याला तोंड पाह्यजे," मास्तर मला म्हणाले. "शंका घेनारं. काही न कळलेलं. लई दिवस शोधून राह्यलो होतो. तुझं बिलकुल बराबर हाय."

मला वाटलं, माझा गौरव झाला. मी बापाचा लाल फेटा मागवून घेतला.

संध्याकाळी छापखाना सुटला की मी त्यांच्या घरी जाऊन बसायचो. फेटा बांधून, एक गुडघा टेकून, हात पुढे. पुढे प्रभूच्या जागी मावशीची धान्याची कणगी. मास्तर माझ्याकडे पाठ करून, समोर आरसा, मांडीवर ठसा. आरशात दिसेल तसं लाकडावर काढायचे आणि कोरायचे.

"माझ्या तोंडाकडं सरळ एकदाच बघितलं ह्यांनी," मावशी भाकरी थापताथापता मला सांगायची. "लग्नात पाळकानं हातात हात दिला तवा. मंग जे फिरले ते फिरले."

"आरशात तू चांगली दिसती," मास्तर म्हणायचे.

"पारा उडालाय त्याचा."

"म्हनूनच."

दुसऱ्या का तिसऱ्या संध्याकाळी माझं डोकं चाललं. ठसा छापल्यावर उलटा येतो, हे ज्ञान तर माझ्याकडे ताजं होतं. मी उजवा हात पुढे करून बसलोय. म्हणजे छापल्यावर होणार डावा. मास्तर बिचारे भांड्यांवर सुलटं कोरणारे, विसरले असतील. तोंडावर सांगून म्हाताऱ्याला कमीपणा कशाला आणा. मी गुपचूप उजवा हात मागे घेतला आणि डावा पुढे केला.

आरसा कशासाठी होता, हे मला सुचलं नाही. चित्र आधीच आरशातून उलटं होऊन ठशावर उतरत होतं, छापल्यावर पुन्हा उलटून सुलटं येणार होतं. मास्तरांनी हा हिशेब कित्येक वर्षांपूर्वी आरशावर सोपवला होता आणि स्वतः त्यात डोकं घालणं बंद केलं होतं. त्यांच्यापुढे नखाएवढा उजेड, त्यात कधी एक बोट, कधी एक सुरकुती. हात डावा की उजवा, हे बघायला हात आधी सगळा दिसावा लागतो.

आणि छाप काढून बघायची सोय त्यांनीच बंद केली. एरवी मधूनमधून ठशाला शाई लावून कागदावर उमटवून बघत. या ठशाला नाही. "बघितल्याबिगर मानायचं न्हाई म्हनला त्याचंच चित्र हाय," ते म्हणाले. "आपन बी तेच करायचं का?" मला हे फार थोर वाटलं. अर्थ विचाराल तर तेव्हाही पुरता कळला नव्हता.

सण तोंडावर आला तेव्हा ठसा पुरा झाला. छापखान्यात मी स्वतः शाई फिरवली. मास्तर दाराबाहेर पायरीवर, आमच्याकडे पाठ करून. साहेब, मडमसाहेब, पाळक आणि मंडळीतले एक वडीलधारे उभे होते. हे वडीलधारे रेल्वेत गाड्यांचे रूळ बदलणारे सांधेवाले होते आणि देवळातही कोण कुठे बसायचं ते हातानंच दाखवत. मी कागद उचलला.

आधी मी फेटा पाहिला. प्रत्येक पीळ वेगळा निघालेला. मग माझं नाक. मग तो हात. शिरा, सांधे, शेतात कधीतरी विळा लागला होता त्याची खूण, आणि टोकाशी थरथरल्यासारखं बोट. असा हात मी पुन्हा कुठे छापलेला पाहिला नाही. काळ्याभोर कागदातून तो पुढे येऊन प्रभूच्या उघड्या कुशीला टेकला होता.

"फार सुंदर," साहेब म्हणाले.

सांधेवाले कागदाजवळ वाकले, मग लांब झाले.

"डावा हाय," ते म्हणाले.

"हो," साहेब म्हणाले. "मग?"

"साहेब, डावा हात."

"दिसतो आहे. अडचण काय?"

सगळे जमिनीकडे बघायला लागले. साहेबांच्या देशात त्या कामाला कागद वापरतात, असं आम्ही ऐकून होतो. त्यांना कसं सांगणार. पाळक म्हणाले, "आपल्या लोकांत हा हात शुद्ध मानत नाहीत." साहेब म्हणाले, "सगळे हात प्रभूनेच केले." सांधेवाले माझ्याकडे वळून म्हणाले, "अरे सांग की रं कुनीतरी." मग मी पुढे झालो. शब्द सापडेना म्हणून खुणेनं सांगितलं. खाली टेकलो, उजव्या हातात तांब्या धरल्यासारखं केलं आणि डावा मागे नेला. ती खूण इतकी बेमालूम उतरली की मडमसाहेब तडक बाहेर गेल्या आणि साहेबांना अडचण एकदम समजली.

"हे पुस्तक बाया उशाला घेऊन झोपतात," सांधेवाले म्हणाले. "त्यात परभूच्या जखमेला डावा हात. चालायचं न्हाई. जुनंच चित्र घाला."

मी पायरीवर मास्तरांपाशी गेलो आणि आरशाची, हाताची, माझ्या हुशारीची सगळी कथा त्यांच्या पाठीला सांगितली.

"मी हात पाह्यलाच न्हाई," ते म्हणाले. "मी शंका काढून राह्यलो होतो." मग, "डावाच असंल त्याचा. घाबरलेल्या मानसाला कुठं सुदरतं."

"मंग तसं सांगा ना त्यायला."

"त्यायला पटल का?"

"न्हाई."

"मला बी अर्धंच पटून राह्यलंय."

लाकडात एकदा काढलेलं परत घालता येत नाही. भोक पाडून नव्या लाकडाची खुंटी ठोकतात आणि तिच्यावर पुन्हा कोरतात, पण हात टेकला होता तो प्रभूच्या अंगाला. खुंटीचा सांधा नेमका जखमेवरून गेला असता. पाळकांनी साहेबांकडून दोन दिवस मागून घेतले, ते कशासाठी हे त्यांनाही सांगता आलं नाही. मास्तर ठसा फडक्यात गुंडाळून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेलो तेव्हा ते उंबऱ्यात उन्हात बसले होते. पाण्याचा गोळा नव्हता, आरसा नव्हता. उन्हात सगळा ठसा एकदम दिसत होता. रुंद कोरणी घेऊन ते हात काढून टाकत होते. आधी बोट. मग शिरा. श्वास धरायचा, रेघ, श्वास सोडायचा. विळ्याच्या खुणेपाशी जरा थांबले, मग तीही गेली. मावशी दारामागे उभी होती. मनगट गेलं, खांद्यापर्यंत बाही विरत विरत गेली, आणि लाकडाचे बारीक केस त्यांच्या धोतरावर साचले. मग ते उठले, धोतर झटकलं आणि ठसा माझ्या हातात दिला.

"जल्दी जा," म्हणाले.

या खेपेलाही शाई मीच लावली. कागद उचलला. फेटेवाला गुडघ्यावर बसलेला, तोंड तसंच, काही न कळलेलं. पण त्याच्या खांद्यापासून प्रभूच्या कुशीपर्यंत आता नुसता पांढरा उजेड होता. तो जखमेतून निघून त्याच्याकडे येत होता की त्याच्यातून निघून जखमेत जात होता, ते सांगता येत नव्हतं. सांधेवाल्यांनी कागद उभा धरला, आडवा धरला.

"हात कुठं गेला?"

"न्हाई हात," मी म्हणालो.

"मंग हे काय हाय?"

कोणालाच सांगता येईना. पण डावं काही उरलं नव्हतं, त्यामुळे नाही म्हणायलाही जागा नव्हती. सांधेवाल्यांनी शेवटी गाडी सोडल्यासारखा हात हलवला आणि आम्ही छापायला घेतलं.

रविवारी मी देवळात गेलो. मागे, दारापाशी, मास्तरांच्या शेजारी सतरंजीवर बसलो. पुस्तकं वाटली गेली. पाळकांनी त्या उजेडावर मोठा उपदेश केला. म्हणाले, शंका घेणाऱ्यानं हात पुढे केला, पण हात पोचायच्या आधी कृपा पोचली. कोणी म्हणालं, तो पवित्र आत्मा. पुढच्या एका बाईला त्यात कबूतर दिसलं, तिनं शेजारणीला दाखवलं आणि शेजारणीलाही दिसलं. एका म्हाताऱ्या आजीनं फेटेवाल्यावर बोट ठेवून विचारलं, "हा आपल्यातला दिसतो, कोन्या गावचा?" कोणीतरी म्हणालं, धावड्याकडचा असावा, बांधणी तिकडची आहे. मास्तर मान खाली घालून ऐकत होते. त्यांचे डोळे भरले होते. ते आनंदानं की कशानं, मला आजही सांगता येणार नाही.

"मास्तर," मी हळूच विचारलं, "पाळक म्हणून राह्यले ते खरं हाय का? ते तुमच्या मनात होतं?"

"माझ्या मनात हात काढायचा होता."

"मंग ते काय हाय, तिथं?"

"मला काय म्हाईत. मी तर तिथलं समदं काढून टाकलं."

गीत सुरू झालं, सगळे उभे राहिले. मास्तर बसूनच राहिले, म्हणून मीही. मग त्यांनी एक गोष्ट केली, जी मी त्यांना कधी करताना पाहिली नव्हती. ते माझ्याकडे तोंड करून वळले. माझा डावा हात ओढून घेतला, पालथा केला, उताणा केला, विळ्याच्या खुणेवरून अंगठा फिरवला. बोट सरळ केलं. पुष्कळ वेळ बघत राहिले.

"हात बाकी चांगला निघाला होता," ते म्हणाले, आणि माझा हात माझ्या मांडीवर ठेवून चपला शोधायला गेले.